भाऊंच्या टेबलावरची घंटी

उठू नका, उठू नका! बसा निवांत. मी तुम्हाला बोलावत नाहीये, नुसती बोलतेय. माझा आवाज कानावर पडला की माणसं दचकून उभीच राहतात, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी घंटी. देवघरातली नाही हं, तिचा मान मोठा. मी टेबलावरची, डोक्यावर टिचकी मारली की 'टिंग' करणारी. पितळेची, वाटी पालथी घातल्यासारखी. भिवंडीत आळीतल्या एका घरात, भाऊंच्या आरामखुर्चीशेजारच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. आता मी तिथे नाही. का नाही, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म मुरादाबादचा. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं मला कानाशी धरून वाजवून पाहिलं आणि खूश झाला. पुढे वाजवणारे पुष्कळ खूश झाले. ऐकणारा खूश झालेला मात्र मी फारसा पाहिला नाही.

तिथून मी भिवंडीला आले, एका सायझिंगच्या ऑफिसात. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना. सगळीकडे ओल्या सुताचा वास. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. त्यांच्या काचेच्या टेबलावर माझी जागा. नियम सोपा होता. एकदा वाजवली की शिपाई काळूराम यायचा, दोनदा वाजवली की भाऊ.

भाऊ तिथले हेडक्लार्क. अक्षर असं की शेठचे पाहुणे कागद हातात धरून बघत बसायचे. चांगला उंचापुरा माणूस, पण 'टिंग-टिंग' झालं की खांदे आत जायचे. चहाचा घोट तसाच गिळायचा, पायात चपला अर्ध्या सरकवायच्या आणि यायचं. एकदा शेठनी त्यांना पंखा बंद करायला बोलावलं. बटण शेठच्या पाठीमागेच होतं, हात मागे केला असता तर पोचला असता. समोर दोन व्यापारी बसलेले. भाऊंनी पंखा बंद केला, "येतो सर," म्हणाले, आणि दाराबाहेर पडताच काळूरामवर असे डाफरले की तो बिचारा बघतच राहिला.

शेठ दुष्ट होता का? छे, तसंही म्हणवत नाही. मोठ्या भावाचा फोन आला की शेठ खुर्चीतून उठून उभा राहायचा. "हां भाईसाब, जी भाईसाब." पलीकडच्या शिव्या मलासुद्धा ऐकू यायच्या. फोन ठेवला की कपाळ पुसायचा आणि माझ्या टाळक्यावर थाप मारायचा. टिंग-टिंग! भाऊ धावत यायचे, तर काम काहीच नसायचं. "काय बोलावलं होतं बरं... जाऊ द्या, जा." मला कळून चुकलं होतं. कुणीतरी आपल्यासाठी अजून धावतंय, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची असायची.

मग ऑफिसात इंटरकॉम आला आणि मी कोपऱ्यात पडले. त्याच सुमारास भाऊ रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल दिली, श्रीफळ दिलं, वेफर्स वाटले. शेठनी मोठ्या मनानं विचारलं, "भाऊ, अजून काही पाहिजे तर बोला."

भाऊ म्हणाले, "ती जुनी घंटी नेऊ का, सर?"

सगळे हसले. शेठ म्हणाला, "ले जाओ, ले जाओ. यादगार!"

मला वाटलं, सुटले बाई एकदाची. हा माणूस मला माळ्यावर टाकेल, नाहीतर भंगारात घालेल. ज्या आवाजानं जन्मभर नाचवलं, तो आवाज कोण शहाणा घरात ठेवील? पण कसलं काय! भाऊंनी मला लिंबानं घासलं, पुसलं आणि टेबलावर ठेवून टिचकी मारली.

त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? पडलात का कुठे?"

"पडतोय कशाला? पाणी आण जरा."

बाईंनी पाणी आणून दिलं. भाऊंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते मी शेठच्या चेहऱ्यावर रोज पाहत आले होते. मला फार वाईट वाटलं, पण मी वाजण्यापलीकडे काय करणार!

बाईंनी तक्रार केली असेल म्हणता? अहो, उलट त्यांना त्याचा अभिमान. "आमच्या ह्यांना दुसऱ्यांदा कधी वाजवावी लागत नाही," असं शेजारणीला सांगायच्या. पुढे त्यांच्या मुलाचं, केदारचं, लग्न झालं आणि निवेदिता घरात आली. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी तिला जवळ बसवून हसत हसत नियम सांगितला. "हे बघ, एकदा वाजली की आई. दोनदा वाजली की तू."

दोनदा! ऑफिसात जे दोन टोले त्यांच्या नावाचे होते, तेच त्यांनी सुनेच्या नावावर करून दिले. मुद्दाम केलं असं मला नाही वाटत. माणसाला जेवढं ठाऊक असतं तेवढंच तो पुढे देतो, पण घेणाऱ्याच्या पाठीला ते सारखंच लागतं.

सुरुवातीला पाणी, चष्मा, पेपर. मग चहा गार आहे म्हणून कप बशीसकट ढकलून देणं आलं. निवेदिता आईशी फोनवर बोलत असली की हमखास मी वाजायचे. तिची वाक्यं कायम अर्धी राहिली. शेलार गावाहून भांडी घासायला येणारी बायजाबाई एकदा पदरानं तोंड झाकून म्हणाली, "घंटा झाली का आमच्या गावान शाला सुटते, तुमच्या घरान कोनी सुटत न्हाय." निवेदिता हसली. प्रमोदिनीबाईंनी मात्र तिला डोळ्यांनी दटावलं.

आणि केदार? केदार सरकारी खात्यात कारकून. स्वभावानं गरीब, असं सगळे म्हणायचे. भाऊंसमोर त्याची मान वर व्हायची नाही. एकदा त्यानं गॅसचा नंबर लावायला उशीर केला, तेव्हा भाऊंनी त्याला त्याच्या मुलीदेखत, ईरादेखत, "गाढवा" म्हणून उभं-आडवं झोडलं. केदार "हो भाऊ, हो भाऊ" करत राहिला आणि आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज चढला. मग चापटीचा आवाज आला. निवेदिता बाहेर आली तेव्हा तिनं ओढणी गालाशी धरलेली होती.

प्रमोदिनीबाईंनी ऐकलं होतं. भाऊंनीही ऐकलं होतं. भाऊंनी पेपरचं पान उलटलं.

त्या रात्री निवेदितानं केदारला काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण त्यानं पुन्हा हात उचलला नाही, एवढं खरं. आणि ती अभ्यासाला लागली. बी.एड. लग्नाआधीच झालेलं होतं. या वर्षी जवळच्याच कोन गावातल्या एका शाळेत तिची निवड झाली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. बाई इतकी खूश, की भाजी चिरताना गुणगुणायला लागली. पण या घरात भाऊंना विचारल्याशिवाय पडदासुद्धा बदलत नसे.

"मी विचारतो ना," केदार म्हणाला. "जरा मूड बघून विचारतो."

झालं! आज भाऊंचं डोकं दुखतंय, उद्या क्रिकेटमध्ये आपण हरलोय, परवा कुणीतरी येणार आहे. मूड काही सापडेना. नवरात्र बसलं. निवेदिताचं गुणगुणणं थांबलं.

अशातच एका दुपारी भाऊ वामकुक्षीला आत गेले होते. दुसरीतली ईरा आली, आरामखुर्चीत चढून पाय लांब करून बसली आणि माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. टिंग-टिंग! वर घसा खाकरून, अगदी आजोबांच्या सुरात, "निवेदिता! पाणी! किती वेळ?"

स्वयंपाकघरातून निवेदिता पाण्याचा पेला घेऊन आली. आवाज पोरीचा आहे हे तिच्या कानाला कळलं नसेल का? पण पाय आधी निघाले होते. समोर लेक बघून ती जागीच थांबली. प्रमोदिनीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगदी ह्यांची नक्कल करते हो कार्टी!" भाऊही दारात येऊन उभे राहिले होते. "वाघीण आहे माझी!" म्हणाले.

निवेदिता हसली नाही. ईरानं पेला घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "गार नाहीये. दुसरं आण."

मी एवढी पितळेची, पण मलासुद्धा त्या वेळी कापरं भरलं.

मग खंडेनवमी आली. ऑफिसात असल्यापासून त्या दिवशी माझी पूजा व्हायची. शेठ टाइपरायटरला, कपाटाला, मला, सगळ्यांना हळदकुंकू लावायचा. भाऊंनी घरीही ती रीत पाळली. पाटावर सुरी, अडकित्ता, केदारचं पेन, ईराची पुस्तकं आणि मधोमध मी, झेंडूच्या फुलात बुडालेली. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, हा भाऊंचा कडक नियम. म्हणजे वर्षातून एक दिवस मी गप्प. मागच्या गल्लीतल्या लूमनाही हार घालून बंद ठेवलेलं. भिवंडीत अशी शांतता झाली की माणसांना आपला स्वतःचा आवाज मोठा वाटायला लागावा.

पुरणपोळीचं जेवण झालं. निवेदितानं ताटं उचलली नाहीत. हात धुवून ती भाऊंच्या समोर येऊन बसली. उभी नाही राहिली, बसली.

"भाऊ, मला कोनच्या शाळेत नोकरी लागलीये. सोमवारपासून जाणार आहे."

केदार घाईघाईनं म्हणाला, "मी सांगणारच होतो..."

"तू नेहमी सांगणारच असतोस," निवेदिता म्हणाली.

भाऊंचा चेहरा लाल झाला. "जाणार आहे? हे विचारणं आहे की सांगणं? या घरात मला विचारल्याशिवाय..." आणि त्यांचा हात सवयीनं टेबलाकडे गेला. टेबल रिकामं. मी पाटावर, फुलांत. हात तसाच हवेत राहिला. माझ्याकडे बघितलं त्यांनी. पण नियम त्यांचाच, तो त्यांनी कसा मोडावा?

मी वाजले असते ना, तर निवेदिता उठली असती. खात्रीनं सांगते. सवयीनं उठली असती आणि बोलणं तिथेच तुटलं असतं. नेहमी तसंच व्हायचं. आज मी नव्हते, म्हणून भाऊंना बोलावं लागलं. आणि बोलायची त्यांना मुळी सवयच नव्हती.

"मग घरात माझ्याकडे कोण बघणार? ही म्हातारी झाली..."

तेवढ्यात प्रमोदिनीबाईच उसळल्या, पण भाऊंवर नाही, सुनेवर. "आम्ही नाही केलं का गं? ताप असताना धावले मी. माझा भाऊ शेवटचा भेटायला आला होता, त्याच्या पानात भात वाढायचा टाकून धावले. मला का नोकरी करता आली नसती? मॅट्रिकला मी केंद्रात पहिली होते! आता तू म्हणतेस, मी नाही धावत. तुला असं नुसतं 'जाते' म्हणून सुटता येत असेल, तर मग मी जन्मभर धावले ते कशाला गं? ते सगळं फुकटच होतं, असंच ना?"

बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. इतकी वर्षं मी त्यांना बोलावत आले, पण त्या मनातून बोललेल्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. निवेदिता उठून त्यांच्याजवळ गेली. "आई, फुकट नव्हतं. पण तुमचं आलं म्हणून माझ्याही वाट्याला यायला हवं का?"

मग ती भाऊंकडे वळली. "भाऊ, एक विचारू? रागवू नका. आईंनी सांगितलंय मला, ऑफिसात दोनदा वाजली की तुम्ही उठायचात. कसं वाटायचं?"

मला वाटलं, आता ताट भिंतीवर जातंय. पण भाऊंनी नजर खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "पोटात गोळा यायचा. रविवारीसुद्धा, सायकलची घंटी ऐकली तरी यायचा."

"मलाही येतो, भाऊ."

 भाऊ उठून गॅलरीत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माफी वगैरे तर लांबच राहिली. तुम्हाला वाटत असेल, झालं, सुधारला माणूस. छट्! मुरलेलं लोणचं एका दिवसात कुठलं गोड व्हायला!

सोमवारी निवेदिता डबा घेऊन, रिक्षात बसून कोनला गेली. मी पुन्हा टेबलावर आले होते. आठवडाभर भाऊ दर वेळी एकच टोला द्यायचे, बाई कुरकुरत यायच्या. मग एका दुपारी पेपर वाचता वाचता चष्मा सापडेना. भाऊंच्या हाताला जुनी खोड. टिंग-टिंग.

आतून धावत आली ती ईरा.

हातात खडू तसाच, चित्र अर्धं टाकलेलं. एका पायात चप्पल. खांदे आत घेतलेले. "आले आजोबा! काय आणू?"

भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. परवाची वाघीण कुठे गेली होती कुणास ठाऊक. आई घरात नाही म्हटल्यावर आईची जागा पोरीनं आपोआप भरून काढली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं हो! वाजवणारा आणि धावणारा, या घरात एवढ्या दोनच जागा तिनं पाहिल्या होत्या. खुर्ची रिकामी असली तर वाजवायचं, नसली तर धावायचं.

स्वयंपाकघराच्या दारातून प्रमोदिनीबाईंनी हे पाहिलं. कधी नाही ते पदर खोचून आल्या, ईराचा दंड धरला. "तू नाही. जा, चित्र पुरं कर तुझं." पोरगी गोंधळली. "पण दोनदा वाजली ना, आजी?"

"वाजू दे. तू उठायचं नाहीस."

मग त्यांनी मला उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी मला हात लावला तो पुसण्यापुरता. मला पोटाशी धरून त्या भाऊंसमोर उभ्या राहिल्या. 

"माझं झालं ते झालं. सुनेचं झालं तेही मी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले. पण या पोरीला बोलवायचं नाही. चष्मा तुमच्या कपाळावर आहे."

भाऊंनी कपाळाला हात लावला. होता खरा. 

तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तांदळाच्या डब्याशेजारी. बाईंनी माझ्या पोटात कापूस कोंबलाय, म्हणून आवाज असा बसका येतोय. भाऊंना मी हवी आहे हे मला कळतं. हात अजून टेबलावर चाचपडतो. मग नाइलाजानं हाक मारतात. इतकी वर्षं 'अगं' नि 'ऐकलंस का' करणाऱ्या माणसाला बायकोचं नाव घेताना केवढी पंचाईत! "प्र... प्रमोदिनी!" आणि बाई पोळी लाटत आतूनच ओरडतात, "काय ते तिथूनच सांगा!" केदार हल्ली आपलं ताट आपण उचलतो, तेही भाऊंची पाठ असताना. असू दे. सुरुवात चोरून झाली तरी सुरुवातच. निवेदिता मात्र अजून कुठे मोबाईल वाजला तरी दचकते. ते इतक्यात जायचं नाही.

मला भंगारात द्या म्हणते मी, खुशाल वितळवा. पण माझ्यावाचून काही अडत नाही हो. तुमच्या घरी मी नसेनही. तिथे कुणाचं खाकरणं असेल, कुणाचं पेला आपटणं, कुणाचं नुसतं भुवई वर करणं. ते ऐकून-बघून घरातलं कोण बोलणं अर्धं टाकून उठतं, तेवढं एकदा नीट पाहा. ते उठणारं माणूस तुम्ही असाल तर एकदा बसून राहा. आणि उठवणारे तुम्ही असाल, तर राजेहो, पाणी आपलं आपण घ्या. स्वयंपाकघर इतकं लांब नसतं.